बुक पोस्टाला हळदकुंकू

माझा नवरा पाकिटं फार देखणी काढायचा, आणि ती कोणी उघडायचं नाही. त्याच्या हयातीत हे मी बोलले असते तर आठवडाभर घरात अबोला राहिला असता. मला ते कळलं तो गेल्यावर, त्याच्याच टेबलाशी बसून.

जळगावात पाण्याचे पंप विकणारी एक कंपनी होती. तिथे तो जाहिरातीचं सगळं काम बघायचा. भिंतींवरची अक्षरं, कॅलेंडरं, माहितीपत्रकं, आणि दर हंगामाला शेतकऱ्यांना टपालाने जायची ती पाकिटं. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस होते, टीव्ही अजून सगळ्या गावांत पोचला नव्हता, त्यामुळे मालकांची सगळी भिस्त टपालावर. कावीळ झाली आणि पंधरवड्यात माणूस संपला. मूलबाळ नव्हतं. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. ते भेटायला आले, चहाला नको म्हणाले, आणि जाताना दारात म्हणाले, "वहिनी, त्याचं टेबल रिकामं आहे. तुम्हाला जमेल का?"

जमेल म्हणाले. खरं तर त्या दिवसांत मला कोणी विहिरीत उतराल का विचारलं असतं तरी मी जमेल म्हणाले असते. घरी तो अक्षरांच्या बाह्यरेषा काढायचा आणि मी आत शाई भरायचे, एवढंच माझं शिक्षण. पण दहा ते सहा बसायला एक खुर्ची मिळाली. जेवण बेचव लागायचं तसं काम बेचव लागायचं, तरी दोन्ही चालू होतं. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. कसला धीर आणि कसलं काय! मला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, मग आपण आपलाच गाल चावला तरी कळत नाही, तसं होतं सगळं.

माझा थोरला भाऊ, दादा, धुळ्याला. तो महिन्याकाठी एसटीने यायचा. यायचा, पंख्याखाली बसायचा आणि तेच बोलायचा. "उगाच कशाला एकटी हाल काढतेस? घरी चल. आई आहे, आम्ही आहोत. खायला काय जड आहेस आम्हाला?" दादा मनाने वाईट नाही, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. पण मला आमची आत्या दिसायची. ऐन तारुण्यात नवरा गेला म्हणून ती आमच्या घरी येऊन राहिली ती कायमची. मागल्या खोलीत बसून डाळ निवडायची. तिला कोणी छळलं नाही, उलट पहिला आंबा तिलाच द्यायचे. फक्त तिला कधी कोणी काही विचारलं नाही. तिच्या मताची गरजच पडली नाही कोणाला, अगदी भाजी कुठली करायची इथपर्यंत.

म्हणून मी दादाला प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. शेवटी एकदा तो वैतागला. त्याच सुमारास भाऊंनीही मला बोलावून सांगितलं, की पत्रकांना उत्तरंच येत नाहीत, मुंबईची एक एजन्सी हे काम मागते आहे. रब्बीचं टपाल बघू, तेही वाया गेलं तर वहिनी, माझाही नाइलाज आहे. मी दादाला हे जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "झालं तर मग. जमलं तर राहा, नाही जमलं तर मी टेम्पो घेऊन येतो सामानाला." मी बरं म्हणाले. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका पाकिटावर येऊन बसलं. कोणी उघडलं तर माझ्या दोन खोल्या माझ्या, नाही उघडलं तर आत्याची खोली.

आता पाकीट न उघडायला काय कारण, तर एक म्हणजे ते आधीच उघडं असायचं. आमचं टपाल बुक पोस्टाने जायचं. त्याचं तिकीट स्वस्त, पण अट अशी की पाकीट चिकटवायचं नाही, वरची पट्टी नुसती आत खोचायची. उघडं पाकीट कोण उघडणार? त्यात नवऱ्याने वर काढलेलं चित्र. हिरवंगार शेत, पांढऱ्या पाण्याची धार, पंप, आणि खाली ठसठशीत अक्षरांत कंपनीचं नाव. एवढं सगळं बाहेरच सांगून टाकल्यावर आत बघायला उरलंय काय? सुंदर होतं हो, पण ते बघून माणूस म्हणायचा, अच्छा, पंप, आणि बाजूला ठेवायचा.

मी चित्र काढून टाकलं. साधं तपकिरी पाकीट करून बघितलं, लोकांना वाटलं सोसायटीची कर्जवसुलीची नोटीस आली. ती तर मुद्दामच कोणी उघडत नाही. पत्ते छापील चिठ्ठ्यांऐवजी हाताने घातले, थोडा फरक पडला, पण भाऊंच्या चेहऱ्यावर नाही पडला.

मग मी विक्रीच्या जीपमधून फैजपूरकडे गेले. म्हटलं, पाकीट घरात गेल्यावर त्याचं होतं तरी काय ते डोळ्यांनी बघू. केळीवाल्यांचं एक मोठं घर होतं. ओसरीत खांबाला तारेचा आकडा लावलेला, त्यात आमची पाकिटं ओळीने टोचलेली, सगळ्या हंगामांची. एकाचीही पट्टी बाहेर काढलेली नव्हती. नवऱ्याची हिरवी शेतं तारेला लटकत होती आणि मी चहा पीत होते. तेवढ्यात पोस्टमन आला. घरची म्हातारी पुढे झाली, तिला वाचता येत नव्हतं. दोन कागद तिने न बघता सुनेकडे दिले आणि तिसरं पाकीट तिथेच उभ्या उभ्या उघडलं. आतली पत्रिका उलटी धरून बघत राहिली. मी विचारलं, "आजी, हेच का उघडलं?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की शहरातल्या बायका इतक्या अडाणी कशा. म्हणाली, "याले हयद लागेल आहे. मंग उघडाच लागते."

लग्नाच्या पत्रिकाही बुक पोस्टानेच जातात. तीच न चिकटवलेली पट्टी, तेच स्वस्त तिकीट. फरक फक्त कोपऱ्यांवरच्या हळदीच्या पिवळ्या बोटांचा. जीपमध्ये परतताना मी मनाशी म्हटलं, अगं बाई, एवढं सोपं!

भाऊ आधी हसले, मग म्हणाले, "छापून बघा." चारही कोपऱ्यांना पिवळा ठिपका, त्यावर लाल ठिपका, दोन रंगांत छापून घेतले. नमुन्यादाखल थोडी पाकिटं पारोळ्याकडे पाठवली. तिथला आमचा विक्रेता आला तो हसतच. लोक म्हणे ठिपक्यावर बोट घासून बघतात. बोटाला पिवळं लागलं नाही की पाकीट तारेत. फसवायचं तर नीट फसवा ना, असं एकजण म्हणाला म्हणे त्याला.

तेव्हा मग खरी हळद आली. कंपनीच्या मागच्या गल्लीतल्या बायका कामाला बोलावल्या, एकाच भावकीतल्या सगळ्या, हसऱ्या, तोंडाने फटकळ. कोरडं कुंकू कागदाला धरत नाही आणि हळद जास्त ओली झाली तर पाकीट फुगतं, पत्त्याची शाई पसरते. ते पाण्याचं प्रमाण मी ठरवलं. कोपरा बोटाच्या पेराने टेकवायचा, घासायचा नाही, हेही मीच दाखवलं. पण दाखवलं ते साध्या पाण्याने, वाटीत बोट न घालता. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ मी येऊ दिली नाही. बायका वाट्या त्यांच्या बाजूला ठेवायच्या आणि मी वाळलेली पाकिटं मोजून बांधायचे. एकदा वाटी भरून देताना त्यातलीच एक हळूच म्हणाली, "राहू द्या ताई, मी घेते." तिने चांगल्या मनानेच म्हटलं. आणि मलाही काही टोचलं वगैरे नाही, खोटं कशाला बोलू.

पहिल्या खेपेची पाकिटं गेली आणि आठवड्याभरात कंपनीच्या दारात एक आजोबा येऊन उभे. एरंडोलच्या बाजूचे, परीटघडीचं धोतर, नवी टोपी, हातात आहेराचं कापड. आमचं पाकीट पुढे धरलं आणि म्हणाले, "लगन कोनं शे?" नातू बाहेरगावी, वाचून दाखवायला कोणी नाही, म्हणून पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता विचारत थेट आले होते. हिशेबनीस तोंडात रुमाल कोंबून आत पळाला. भाऊंनी त्यांना बसवलं, चहा पाजला, जेवायलाही घातलं. आजोबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी आहेराचं कापड काखेत मारलं आणि म्हणाले, आता आलोच आहे तर पंप दाखवा. सगळी कंपनी संध्याकाळपर्यंत हसत होती. मीही ओठ ताणले. पण पत्रकासोबत घातलेली उत्तराची कार्डं भरून यायला लागली होती, हे खरं होतं.

मोठी खेप बाकी होती. धुळ्यापासून बऱ्हाणपुरापर्यंतचे पत्ते, पोस्टात आगाऊ कळवून ठेवलेलं, पेरण्या तोंडावर आलेल्या. आणि ऐन वेळी गल्लीत त्या भावकीतला एक म्हातारा गेला. सगळ्या बायका सुतकात. कुंकवाला कोण हात लावणार? दुसरीकडच्या बायका शोधल्या, तर त्या कापसाला गेलेल्या. भाऊ गोदामाच्या दारात उभे राहिले. पाकिटांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं, वाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. म्हणाले, "मला नाशिकला जायचंय. वहिनी, बघा काही होतंय का." आणि गेले.

मी दार लोटून घेतलं. हळद कालवली, कुंकू कालवलं, पाट घेतला आणि बसले.

ह्यावर लोकांना वाटतं की माझा हात थरथरला असेल, डोळे भरून आले असतील, एकदा तरी आरशात बघून कपाळाला लावावंसं वाटलं असेल. काही नाही. पिवळं, लाल, पिवळं, लाल. पंख्याखाली वाळत घालायचं, उडू नये म्हणून वर पंपाच्या चकत्या ठेवायच्या. मान दुखायला लागली तेवढं मात्र कळलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. भाऊ परत आले तोवर गठ्ठे पोस्टात गेले होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

खेप फळली. कार्डांची पोतीच आली म्हणा ना. मुंबईच्या एजन्सीचं नाव पुन्हा निघालं नाही आणि भाऊंनी माझं नाव पगारपत्रकात कायमच्या माणसांत घातलं. म्हणजे मी जिंकले होते. दोन खोल्या माझ्या होत्या. आणि गंमत बघा, त्या खोल्यांत परत आल्यावर मला त्याचंही काही वाटेना. स्टोव्ह पेटवायचा, एका माणसाचा भात लावायचा, तोही उरायचा. हिवाळ्यात मी तापाने पडले, तेव्हा शेजारणीने दार वाजवलं तर मला उठून कडी काढवेना. मग मनात आलं, कोणासाठी चाललंय हे? आत्या निदान कोणाच्या तरी आवाजात झोपायची. दादाने लेकीच्या लग्नाचं कळवलं, पत्रिका लिहायला ये म्हणाला, तेव्हा मी त्याला हो म्हणायचं ठरवूनच धुळ्याच्या गाडीत बसले. कायमचं हो.

घर माणसांनी भरलेलं होतं. ओसरीत सतरंजी, पत्रिकांचे ढीग, गल्लीतल्या सवाष्णी गोल करून बसलेल्या, मध्ये हळदीकुंकवाची ताटं. माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्ते माझ्याकडे. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाट दिला. मी पत्ता घालायचा, पत्रिका पुढे सरकवायची, तिकडे तिला बोटं लागायची. दादाची लेक मध्येच येऊन माझ्या गळ्यात पडली, "आत्या, तू आता इथेच राहणार ना?" मी तिच्या गालाला हात लावला. आत्या म्हटलं की मला मीच आठवायला हवी होते, पण मला ती दुसरीच आठवली. तरी म्हटलं, असू दे. कंटाळा आला होता नुसता.

पाणी प्यायला आत गेले. आई देवघरापुढे वाती वळत बसली होती. आणि देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, टेकवून ठेवलेलं आमच्या कंपनीचं पाकीट. दादाची थोडी शेती आहे, त्याचा पत्ता यादीत असणारच, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या खेपेतलं पाकीट होतं. कुठल्या खेपेचं ते मला कागदावरून कळायचं.

मी म्हटलं, "आई, हे इथे कशाला?"

आई अहिराणीतच बोलते. म्हणाली, "हयद-कुकूनं पाकीट शे, कसं फेकू?" आतलं पंपाचं पत्रक दादाने केव्हाच टाकून दिलं होतं. पण कुंकू लागलेली वस्तू केरात जात नाही, म्हणून पाकीट देवाजवळ. रोज फूल वाहत होती त्याला माझी आई.

"ते कुंकू मी लावलंय," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, माझ्या कंपनीचं आहे असं सांगतेय. मी म्हटलं, "कंपनीने नाही. मी. ह्या बोटाने."

आईचं वळणं थांबलं. तिने पहिल्यांदा ओसरीकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. मग उठली. गुडघे धरून, हळू. पाकीट दोन बोटांनी उचललं, निर्माल्याच्या फडक्यात गुंडाळलं, पांझरा नदीत सोडायच्या ढिगात ठेवलं. देव्हाऱ्यातली ती जागा पाण्याने पुसली, कोरडी केली, पुन्हा पुसली. मग माझ्याजवळ आली आणि माझा हात हातात घेतला. तिचा हात मऊ होता, वातींच्या कापसाने आणखीच. पदराने तिने माझ्या बोटाचं पेर पुसलं, जणू अजून त्याला काही लागलंय. इतक्या महिन्यांनी! कानाशी म्हणाली, कोणाजवळ बोलू नको, पोरीचं लग्न आहे. आणि लगेच, अगदी मायेने, दुपारचं काय खाल्लंस तू, चेहरा उतरलाय.

आईचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणायचं कारण नाही. मी तिथे उभी होते आणि माझ्या अंगाची आग आग होत होती. कपाळापासून पायापर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं, आणि ते हे झालं. राग, दुसरं काही नाही. उरलेले पत्ते मी घातले. एकही चुकवला नाही. मग पिशवी उचलली.

दादा फाटकापर्यंत आला. "अगं, चाललीस कुठे? मग ठरलं काय आपलं?"

"घरी जाते," मी म्हटलं.

"हे घर नाही का?"

मला त्याला दुखवायचं नव्हतं. लग्नाला येईन म्हणाले. टेम्पो नको म्हणाले.

जळगावच्या गाडीत खिडकी मिळाली. पारोळं गेलं तोवर मी ताठ बसून होते, मनातल्या मनात आईशी भांडत, तिच्या उत्तरांसकट. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली, शेंगदाणेवाला खिडकीशी आला आणि म्हणाला, एक पुडी का दोन? नवरा ह्या गाडीने जाताना नेहमी दोन घ्यायचा, आणि माझ्या पुडीतलेही खायचा, हावरट मेला. मला एवढंच आठवलं. तो गेला त्या दिवशी मला रडता आलं नव्हतं, तेराव्याला नाही, नंतरही नाही. आता सुरू झालं ते थांबेना. तोंडात पदर कोंबला तरी आवाज यायला लागला. लोक वळून बघायला लागले. शेंगदाणेवाला बिचारा घाबरून मागे सरकला.

शेजारी एक बाई होती, मांडीवर कोंबडीची पाटी. तिने पाटी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय जयं व माय? कोन गयं?"

"माझा नवरा," मी म्हटलं.

"अरे देवा! आज?"

मी मान हलवली, नाही. बोलायला श्वास पुरेना. तिने वाट बघितली, घाई केली नाही.

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

तिने हात काढला नाही. "रडी ले माय," म्हणाली, "जळगाव येवाले अजून वेळ शे."